सुर्वेने बांधलेला झेंडा

झेंड्याचा विषय काढलातच, तर माझीच फजिती ऐका. आमच्या बदलापूरच्या सोसायटीत झेंडा बांधायचं काम सुर्वेचं. घडीत फुलं ठेवून अशी गाठ मारायचा, की एका झटक्यात झेंडा उघडायचा. पण मागच्या पंधरा ऑगस्टला संध्याकाळी तो आदिवासी पाड्यांच्या पाण्यासाठी नगरपालिकेसमोर धरणं धरून बसला. हातात बोर्ड, ‘नळ नाही, तर कसलं स्वातंत्र्य?’

माझी सटकली. मी सेक्रेटरी ना! सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘देशद्रोह्याने झेंड्याला हात लावू नये.’ धडाधड अंगठे आले.

सव्वीस जानेवारीला गाठ मीच मारली. दोरी ओढली, झेंडा उघडेना. जोर लावला, तर गाठ अजूनच आवळली. पोरं सॅल्यूट ठोकून ताटकळलेली. तेवढ्यात मागून सुर्वे ओरडला, “ओढू नका सेक्रेटरी, फाटेल!”

चपला बाजूला काढून तो पुढे आला. झेंडा खाली घेतला, नखांनी गाठ सोडवली, नीट घडी करून पुन्हा बांधला, वर चढवला आणि दोरी माझ्या हातात दिली. हळूच म्हणाला, “ओढा आता. मी हात लावला, ते ग्रुपवर टाकू नका.”

झेंडा उघडला, फुलं माझ्याच डोक्यावर पडली. राष्ट्रगीत झालं. माइक माझ्या हातात होता, सगळी सोसायटी समोर होती. सॉरी म्हणायचं, तर तेव्हाच. आणि मी काय केलं? ‘भारत माता की’ म्हणून ओरडलो.

सगळ्यांत मोठा ‘जय’ सुर्वेचा आला.