एक्केचाळिसाव्या मिनिटाला आवाज कमी ठेवल्याबाबत

जबाब देणार: गल्लीत व सभांमध्ये 'गर्जनाकाका' म्हणून ओळखला जाणारा इसम. वय एकाहत्तर. धंदा: ग्रंथपाल (निवृत्त), भाषणे (चालू). राहणार: जुन्या वाचनालयामागे, दुसरा मजला, एकटा.

ठाण्यात स्वतःच्या पायांनी येऊन, विचारले तेवढे आणि थोडे जास्त सांगतो, ते येणेप्रमाणे:

खोक्यावरचा आकडा खरा मानून वस्तू घरी नेणाऱ्या आणि मग कपाळाला हात लावून बसणाऱ्या बंधुभगिनींनो! आपल्याला मोठ्या अक्षरांत फसवतात आणि खरे काय ते बारीक अक्षरांत छापतात.

येथे ठाणे अंमलदारांनी मला थांबवून, जबाब सभेला नव्हे तर पोलिसांना द्यायचा असतो, अशी समज दिली. त्यांच्या टेबलाखाली दुरुस्तीला न्यायचा एक मिक्सर होता. तो खोक्यावरच्या आकड्याला जागला का, असे मी विचारले. त्यांनी तो पायाने आणखी आत सरकवला. सबब वरील संबोधन कायम ठेवण्यात आले.

माझी चौदा वर्षांची जुनी छोटी गाडी आहे. तिच्या पुढच्या दारांतले स्पीकर फाटले होते. दोन आठवड्यांपूर्वी मी ते काढून चांगले बसवून घेतले. कारण, एकतीस वर्षांपूर्वी वाचनालय बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध मी केलेले भाषण मला नीट ऐकायचे होते. भाषण एक तास पन्नास मिनिटांचे. वाचनालय वाचले. ध्वनिमुद्रण माझ्या पत्नीने पहिल्या रांगेत बसून, मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून केले होते. मुलीने ती कॅसेट अलीकडे पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पत्नीचा जबाब मागील मार्चपासून घेता येत नाही.

भाषणात एक्केचाळिसाव्या मिनिटाला टाळ्या पडतात. टाळ्यांखाली खरखर आहे. ती खरखर म्हणजे सभागृहाने रोखून धरलेला श्वास, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. नव्या स्पीकरवरही खरखरच राहिली. आवाज वाढवला की फाटू लागला. गाडीतल्या टेपची ताकद अशा स्पीकरना पुरत नाही, चार खोल्यांना एक मेणबत्ती, तसे ते होते. त्यासाठी मध्ये ॲम्प्लिफायर लागतो, असे समजल्यावरून मी आज सकाळी दहा वाजता चौकातल्या गाडीसजावटीच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने मला न विचारताच एक खोके पुढे केले. त्यावर विजेचा लोळ आणि 'हजार वॅट' असे छापलेले होते.

"काका, काचा हलतील काचा!"

"मला काचा हलवायच्या नाहीत," मी म्हणालो. "त्या तुमच्या तुम्ही हलवा."

तरीही त्याने तो जोडला. माझा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा आला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला नुसता लगदा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे मी म्हणालो. हे वाक्य मी ओरडून म्हटल्याचे दुकानदाराचे म्हणणे आहे. माझे साधे बोलणे तसेच असते.

जोडणीचे काम दुकानदाराची बायको करते. ती गाडीखालून सरपटत बाहेर आली, हात पुसले आणि खोक्यातला कागद उलगडून माझ्यापुढे धरला.

"काका, बस पकडायला माणूस केवढा जोरात धावतो! म्हणून रोज तसा चालतो का? खोक्यावरचा आकडा बस पकडतानाचा. हा आतला बघा, आरएमएस लिहिलंय ना, तो रोजच्या चालीचा. पस्तीस! आणि तुमचे स्पीकर रोजचे साठ मागतात."

"तू मध्ये बोलू नकोस," दुकानदार म्हणाला.

"मी मध्ये नाही, खाली होते. खालून सगळं ऐकू येतं."

तिने भिंतीवरच्या फळीवरून एक जुना, काळा, डब्याएवढा ॲम्प्लिफायर काढला. त्यावर एकही मोठे अक्षर नव्हते. दोन स्पीकरसाठी प्रत्येकी साठ वॅट, दिवसभर न थकता.

"अगं, तो विकायचा नाही! दाखवायला ठेवलाय," दुकानदार.

"मग लोणचं घाला त्याचं," ती म्हणाली आणि जोडू लागली. टेपचा आवाज पाऊणपर्यंत वाढवून, ॲम्प्लिफायरचे बटण आवाज फाटेपर्यंत फिरवले, मग थोडे मागे घेतले. "हे बटण आवाज वाढवायला नसतं काका. इथवरच. पुढे गेलं की नुसता गोंगाट." हे ती ॲम्प्लिफायरबद्दल बोलत होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी भाषण लावले. एक्केचाळिसावे मिनिट आले. खरखर नव्हती. तो कोणाचाच रोखलेला श्वास नव्हता.

मी ते मिनिट पुन्हा लावले. त्यानंतर ते सतरा वेळा लावले. दुकानासमोरच्या रस्त्यात माझ्या गाडीमागे अडकलेल्या दूधगाडीच्या चालकाच्या मोजणीप्रमाणे एकोणीस वेळा. सदर चालक खिडकीशी येऊन, "काका, पहिल्या वेळीच लोक उठून गेले असतील ना? आता आमच्यावर सूड का?" असे म्हणाला. मी त्याला खिडकीतून आत डोके घालू दिले. तो ऐकून परत गेला आणि त्याने त्याच्या गाडीचे इंजिन बंद केले.

दुकानदार स्क्रूड्रायव्हर घेऊन ॲम्प्लिफायर काढायला आला, तेव्हा मी दारे आतून लावून घेतली. एक वाजून दहा मिनिटांपर्यंत उघडली नाहीत. ही गोष्ट मला मान्य आहे. मोठा आवाज करून शांतता भंग केली, ही गोष्ट साफ नाकबूल. त्या मिनिटाला मी आवाज कमीच ठेवला होता. आयुष्यात प्रथमच. भोंगे वाजवले ते मागच्या गाड्यांनी.

तुमच्या आकड्यात बसणारा दुसरा एखादा ॲम्प्लिफायर चालला नसता का, असे अंमलदारांनी विचारले. दुकानदाराच्या बायकोच्या मते चालला असता. माझ्या मते नाही.

तीन वाजता गाडी व मुद्देमाल ठाण्याच्या आवारात आणला. आवाज किती होता याची खात्री करण्यासाठी अंमलदार स्वतः शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी ते मिनिट ऐकले. मग खात्री पटली नाही म्हणून पुन्हा ऐकले. टाळ्यांखाली कोण बोलते, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. मजकूर पुरावा असल्याने तो नोंदवणे भाग आहे, असे ते म्हणाले. मजकूर असा, सभागृहात शेजारी बसलेल्या बाईंना उद्देशून:

"पाऊण तास झाला, अजून प्रस्तावनाच चाललीय. पण बोलतात काय हो सुंदर! सांगू नका हं त्यांना, नाहीतर घरी पण सुरू होतील."

अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या भाषणांवर पत्नीचा एकच अभिप्राय मला ठाऊक होता. तो म्हणजे 'पुरे'. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही. 'सांगायचे नाही' हे माझ्या तोंडून प्रथमच ऐकत असल्याचे सोबत आलेल्या दुकानदाराच्या बायकोने सांगितले. दुकानदार आवारातल्या झाडाकडे तोंड करून उभा होता. "फळी रिकामी दिसेल हो," एवढेच तो म्हणाला. "दिसू दे," ती म्हणाली.

तेव्हा बंधुभगिनींनो, म्हणजे अंमलदारसाहेब, मागणी एकच. तो काळा ॲम्प्लिफायर मुद्देमालाच्या कपाटात ठेवू नका, फळीवर परत पाठवू नका. जोडणारी बाई आवारात हजर आहे, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात आहे. आज, आत्ता, तो माझ्या गाडीत होता तसा कायमचा बसवू द्या.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. माझ्या पत्नीचे वाक्य अंमलदारांनी दोनदा वाचले. दोन्ही वेळा बरोबर आहे.