ओढ्याकाठचा तुकडा

मोंटानातल्या जमीन-नोंदणी कचेरीत हॅरिएटच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा रांगेत उभे होते. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“आई, अजून विचार कर. एकदा त्या जमीन राखणाऱ्या संस्थेशी केलेला करार नोंदवला, की आपल्या कुरणावर घरं बांधायला कायमची बंदी.”

“त्यासाठीच आलेय.”

“उद्या विकायची वेळ आली तर?”

“वीक की! जमीन आपलीच राहते. पण घेणाऱ्यालाही तिथं बंगले बांधता येणार नाहीत. संस्थेची माणसं लक्ष ठेवतील, आपल्या माघारीसुद्धा.”

“आणि मलाच घर बांधायचं झालं तर?”

“ओढ्याकाठचा एक तुकडा करारातून वगळलाय तुझ्यासाठी.”

“मला न विचारता?”

“तू परत येणार का, हे विचारायचीच भीती वाटली रे.”



“ओढ्याकाठी नको गं. तिथं पाणी चढतं. त्याऐवजी टेकडीजवळचा तुकडा वगळायला सांग.”

“मग चल, आधी संस्थेत जाऊन करार बदलून घेऊ,” म्हणत म्हातारीनं रांग सोडली. हॅरिएटनं दोघांना वाट करून दिली.