पंगतीतला शब्द

नाही नाही, आत नका येऊ बाई, तिथंच पायरीवर टेका — राग नका मानू, सासूबाई स्नानाला गेल्यात, येतीलच इतक्यात, आणि तुम्हाला उंबऱ्याच्या आत पाहिलं तर सगळं दालान धुवायला लावतील, आणि धुणार कोण, मीच. पाणी हवं? ओंजळ करा, वरून ओतते. हं. तुम्ही नगरकडच्या ना? बोलण्यावरून कळतं. आमची काशीतली मराठी म्हणजे घरापुरती, गल्लीत पाऊल टाकलं की हिंदी सुरू. मिशनात तुम्हीच एक आपलं बोलणाऱ्या, म्हणून निरोप तुमच्याजवळच द्यावा म्हटलं. पाद्रीसाहेबांनी विचारायला पाठवलंय ना, शास्त्रीबुवा कामाला का येत नाहीत म्हणून? — हो, तेच, तुम्ही घेतलंत ते नाव. मी नाही घेत. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. म्हणजे बघा, शब्दात जीव असतो हे आमच्याकडे बायकासुद्धा मानतात, वाद घालतात ते पुरुष.

तर झालं असं. तुमची पोथी मराठीत उतरवायचं काम यांनी घेतलं, बरं चाललं होतं, आणि एका वाक्यापाशी अडलं. आरंभी शब्द होता म्हणे — इथवर हे खूश. संध्याकाळी येऊन मला सांगायचे — मला म्हणजे, मी तांदूळ निवडत असते आणि हे भिंतीकडे बघून बोलतात — की जुन्या यवन पंडितांचंही, म्हणजे ग्रीक लोकांचं, असंच म्हणणं होतं, सगळं जग धरून ठेवणारा एक शब्द, एक बुद्धी, अगदी आपल्या शब्दब्रह्मासारखी. पण पुढं तो शब्द जन्माला येतो ना — आमचं शब्दब्रह्म कधी बाळंतिणीच्या खोलीत शिरलं नव्हतं हो! यांनी लिहिलं, ‘शब्दाने अवतार घेतला’. साहेबांनी खोडलं. ‘देह धारण केला’ — तेही खोडलं. धारण केलेलं उतरवूनही ठेवता येतं, म्हणाले. मूळ भाषेत साफ ‘मांस’ आहे, तेच लिहा, शब्द मांस झाला. आता सांगा, ज्या घरात मसूरसुद्धा चातुर्मासात वर्ज्य, तिथला ब्राह्मण ते लिहिणार कसा? आणि लिहिलं तरी ‘झाला’ म्हणजे काय? — हेही भिंतीलाच विचारायचे. दुधाचं दही झालं तर दूध उरत नाही, मग देव उरला कुठं? दोरीचा साप झाला म्हणावं तर तो नुसता भास, मग त्याची भूक खोटी, तहान खोटी, मरणं हेही सोंगच. साहेब म्हणतात दोन्ही नाही — पुरा देव, पुरा माणूस, एकच, आणि मिसळलेलं काही नाही. याला न्यायशास्त्रात जागा नाही, असं म्हणून हे आमटीत बोटं बुडवून बसायचे. मी म्हणायची, अहो, निवतंय. हे म्हणायचे, ‘झाला.’

आणि त्यातच परवा बिंदुमाधवकाकांकडे श्राद्धाची पंगत. शेजारीच, मी आत बायकांत होते. वाढपी यांच्या पानापाशी आला, वाकून म्हणाला, शास्त्रीबुवा, आणखी काय वाढू? आणि हे — डोकं त्या वाक्यात — मोठ्यानं म्हणाले, ‘मांस.’ हसू नका. हसा हवं तर, मीही पदराआड हसले, अगदी क्षणभर. मग पंगत उठली. अर्ध्या पानांवरून उठली, काकांचे पितर उपाशी गेले, आणि दुर्गाघाटावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच — पाद्र्याकडे खातो, म्हणून जिभेवर आलं. राणीच्या राज्यात धर्मावरून कुणाला त्रास नाही म्हणतात, पण पंगत राणीची नाही ना. आज तिसऱ्या प्रहरी अहिल्याबाई घाटावर सभा बसायचीय. काका बिचारे स्वतः येऊन सांगून गेले, ‘बाबा रे, नुसता शब्द होता, निसटला, एवढं म्हण, पंचगव्य घे, आणि ते मिशन सोड.’ सोपं होतं की नाही? तर हे म्हणाले, ‘काका, पंचगव्य घेईन. पण नुसता शब्द होता, हे तेवढं मला म्हणता येत नाही.’

वाळीत टाकतील. दुसरं काय होणार? गंगा कुणी अडवत नाही, पण वाळीतल्या घरी भटजी येत नाहीत, पाणक्या येत नाही, सुईण येत नाही — सुईण म्हणजे आपलं उगाच, उदाहरण. काय बघताय? पित्त आहे मला. सकाळचं होतं, लिंबू चोखलं की बसतं. तर निरोप असा, की साहेबांना म्हणावं, अवतारच राहू द्या. एका शब्दानं तुमच्या देवाचं काय बिघडतं? तो शब्द पानावरून गेला की यांच्याही डोक्यातून जाईल, आणि सभेत म्हणतील, चुकलं माझं. म्हणतील ना?

पण एक विचारू? त्या तुमच्या देवाला खरंच तहान लागली होती? आणि त्याच्या आईला — उलट्या व्हायच्या का? पोथीत नाही? नसणारच, पुरुषांनी लिहिलेली. आमचे देव बघा, चार हातांनी, दागिन्यांसकट प्रकट होतात, आईकडून नमस्कार करवून घेतात आणि मग बाळ होतात. माहेरी राजा घाटावर वडील पुराण सांगायचे, मी एकदा विचारलं होतं, त्या आईला कळा आल्या का हो? म्हणाले, भगवंताच्या मायेनं नाही येत. तेव्हा बरं वाटलं होतं. आता नाही वाटत. पहाटे मोरीत वाकलेली असते ना, तेव्हा ती दोरी नि तो साप आठवतो — भास असता तर तोंड इतकं कडू झालं असतं का? आणि दूध-दह्याचं तरी कुठं जुळतं? माझं काही दही झालेलं नाही. मी आहे तीच आहे, आणि शिवाय आणखी कुणी आहे, आणि मिसळलेलं काही —

नाही. नाही सांगितलं अजून कुणाला. यांनाही नाही. काल गेले होते सांगायला, म्हटलं, ऐकता का — हे वळले तर डोळे भरलेले. म्हणाले, ‘तो खरंच मांस झाला असेल, तर त्याला सगळं कळत असेल गं. भूकसुद्धा.’ लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, भिंतीकडे नाही. आणि त्यांना मी म्हणू, नुसता शब्द होता म्हणा?

थांबा, उठू नका. तो निरोप नका देऊ. राहू द्या, जे आहे तेच राहू द्या पानावर. साहेबांना एवढंच विचारा — मिशनात ती दाई आहे ना, ती वाळीतल्या घरी येते का? बोलावलं की येते का? आत घेईन मी तिला. दालान धुईन मग, मलाच धुवायचंय. आणि कुणी विचारलंय म्हणाले, तर सांगा — ढुंढिराजशास्त्र्यांच्या बायकोनं.

घेतलं बघा नाव.

जा आता. तिकडून नका, या बोळातून जा, वळणावर सासूबाईंच्या खडावा वाजतायत. जा म्हणते ना —

कुणी नाही हो सासूबाई. एक बाई होती. तहानलेली.