शेवटची बारा वचनं

झेरॉक्सवाल्याचे हात मशीनवर होते, पण कान काउंटरपाशी उभ्या बापलेकीकडे. बाप चर्चमध्ये पाळक. लेक बायबलच्या अभ्यासात एम.ए. करत होती. तिचा प्रबंध बापाने आज पहिल्यांदाच हातात घेतला होता, तोही रांगेत उभ्याउभ्या.

"म्हणजे शुभवर्तमानातली ही शेवटची बारा वचनं मूळची नाहीतच?"

"सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीत, बाबा. नंतर कुणीतरी जोडली."

"मग मूळ शेवट काय?"

"प्रभूची कबर रिकामी दिसते, बायका घाबरून पळतात. बस्स, संपलं. उठलेला प्रभू कुणाला भेटतो, ते सगळं त्या बारा वचनांतच आहे."

"तुझ्या आईला मातीत ठेवताना मी हीच बारा वाचली होती."

"माहितीये. शेजारीच उभी होते मी."

"आणि तरी हाच विषय घेतलास?"

"म्हणूनच घेतला. त्या दिवसापासून डोक्यातून जातच नव्हती ती वचनं."

"तीस वर्षं लोकांना वाचून दाखवली मी. सगळं पाण्यात?"

"असं कुठे लिहिलंय? नीट वाचा तरी आधी!"

"इथे उभा राहून काय वाचू, कपाळ?"

"ताई, किती प्रती काढू?" झेरॉक्सवाल्याने हळूच विचारलं.

"दोन. पाठपोट."

"तीन," पाळक म्हणाले. "तिसरी पाठपोट नको. पानांची मागची बाजू कोरी राहू द्या. मला बरंच लिहायचंय."