हौदात भिजवलेली कुदळ

माहं माहेर अमडापूर, दिलं देऊळघाटले, अन् आली तशी विहिरीवरच्या माळव्यात घुसली. वांगी, मिरची, मेथी, कांदे. पुरुष मोटंवर, आम्ही दोघी जावा मातीत. मी मोठी, गंगू धाकटी. मले पहिल्यापासून नेमाची सवय, खुरपे किती, विळे किती, कोनतं कुठी टांगलं, सारं बोटावर मोजून सांगीन. गंगू हसे, म्हने बाई झोपेतबी खुरपे मोजत असतीन. तरी चूक झाली ते माह्याच हातून.

काय सांगू तुम्हाले, आपला महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. कुदळीचा दांडा हालत होता. आमच्याकडं सारेच करतात तेच मी केलं, संध्याकाळी कुदळ हौदात टाकली. लाकूड फुगते, अन् सकाळी लोखंड असं घट्ट बसते का वाटते आता जनमभर निघत नाई. सकाळी कुदळ काढली तं गंगू म्हने, बाई, पाचर मारून घ्या, उन्हानं सुकीन ते. तिले सातवा महिना होता. मी चिडली, म्हनलं तू मले शिकवतं का वं? शब्दाले शब्द वाढला, अन् मी बोलून गेली का एक दिवस तुह्या तोंडाचा बंदोबस्त करते पाह्य. विहिरीवर चार बायका पानी भरत होत्या, साऱ्याइनं आयकलं.

दुपारी ती माह्या समोर पाच हातावर वाकून खुरपत होती. मी कुदळ उचलली, खाली आनली, तं हात एकदम हलके झाले. नुसता दांडा हातात. लोखंड कुठी गेलं ते दिसलंच नाई, गंगू दिसली, वाकलेली, अन् ती हालत नव्हती. तेवढ्या वेळात मी सारं पाह्यलं, ती गेली, लेकरू गेलं, अन् त्या चार बायका सांगून राह्यल्या का ही सकाळीच म्हनत होती. दांडा सुकला हे कोनं मानलं असतं, सांगा बरं?

लोखंड तिच्या कानाजवळून जाऊन पल्याडच्या वाफ्यात रुतलं होतं. गंगू उठली, एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं ते उचललं, माह्या पायाजवळ आनून ठेवलं अन् म्हने, बाई, सुकला. बस. रागानं म्हनली का भेवानं, समजलं नाई, इचारायची हिंमत झाली नाई. घरी भाकरी थापताना वाटे, आता ही सासूले सांगते, मंग सांगते. तिनं सांगितलंच नाई. त्यानं तं मी आनखीनच भ्याली.

पुढच्या आठवड्यात माहेरच्या बाजाराले गेली. लोहाराच्या पालात एकेक कुदळ दगडावर वाजवून पाह्यली, चिरलेली असली तं आवाज बद येते. दांडा जाते ते भोक वरतून रुंद पाह्यलं, तवाच पाचर मारल्यावर लाकूड पसरून घट्ट धरते. दांडा बाभळीचा, सुकलेला, रेघा सरळ, गाठ नाई. लोहार म्हने, काऊन वं ताई, कुदळ पाहून राह्यली का नवरी? मी म्हनलं, नवरी नाई नांदली तं माहेरी येते, हे निसटलं तं डोक्यात जाते. तो हसला. मी नाई हसली.

नवी कुदळ घेऊन वाफ्यात गेली, तं गंगू तिथंच येऊन बसली, तेच पाच हात. म्हनलं, सरक वं. ती म्हने, पाचर मारली ना? म्हनलं, मारली, दोनदा पाह्यली. म्हने, मंग चालवा.

नाई चालली माह्यानं. मी उठून वाफ्याच्या पार दुसऱ्या टोकाले गेली. तवापासून आजवर कोनी समोर असलं तं मी कुदळ उचलत नाई.

गंगूले पोरगी झाली, चांगली झाली, आता शाळेत जाते. मले मोठी माय म्हनून बिलगते, अन् मी तिची वेणी घालताना कानापाशी आली का माहा हात थांबते. त्या दिवशी गंगूले काय वाटलं, तिनं सांगितलं नाई. पन रोज सकाळी ती आपलं खुरपं माह्या हातात देते, म्हनते, पाहून द्या बाई. मी मूठ हालवून पाह्यते, पातं वाजवून पाह्यते, परत देते. तेवढ्यावर माहा दिवस निघते.