माईंचं सुतक

दुपारच्या मालिका हल्ली का पडतात, हे मला विचारा. मी तसलीच एक लिहितो. आमचा टीआरपी इतका घसरला की मालिका बंद व्हायची वेळ आली. शेवटी आमच्या निर्माते सरांनी ठरवलं, मालिकेतल्या सासूला, म्हणजे माईंना मारायचं. बायका रडतात आणि आकडे चढतात, असा त्यांचा अनुभव. मारलं, तर आकडे आणखी खाली.

त्याच आठवड्यात गव्हाणला आत्याकडे जेवायला गेलो. ती आमची हक्काची प्रेक्षक. पण ऐन मालिकेच्या वेळेला तिच्या टीव्हीवर चादर.

"बिघडला का गं?"

"नाय रं. माई गेली ना. सुतकात टीव्ही लावतात का कोण?"

"आत्या, ती नटी आहे. काल पनवेलला मिसळ खाताना भेटली मला."

"आसंल नटी. मी रोज तिच्यासमोर बसून जेवलंय. आख्ख्या आळीनं बंद ठेवलाय. आता तेरावं झालं का लावू."

मी डोक्याला हात लावला. निघताना ती म्हणाली, "आन् तिचा नवरा, आबा, बरा हाय ना? बायको गेली का गडी खचतो. त्याला जप. तो बी गेला तर सुतक वाढंल."

आबांच्या मरणाचा एपिसोड मी त्याच सकाळी लिहून पाठवला होता. अंगणातूनच फोन लावला.

"सर, आबांचा हार्ट अटॅक कॅन्सल करा. अ‍ॅसिडिटी दाखवा."