दोन्ही जोडांना रबर लावा

—नाही, नाही, रबरच. जाड, खरबरीत, ट्रकच्या टायरला असतं तसं – पाऊल उचलायलासुद्धा जोर लागला पाहिजे. असं काय बघताय? माझ्या डाव्या चपलेला नेहमी जाडी लावून देता, तेव्हा विचारता का कशाला म्हणून? नाही ना? मग आताही विचारू नका. बूट आमच्या ह्यांचे, मी ह्यांची बायको, संपलं. काय? – थांबा, मध्ये बोलू नका, आधी माझं पुरतं ऐका. हा तळ बघा. बघा ना हात लावून. बुटाचा तळ आहे का हा? मांजराचं पोट आहे! उलट्या बाजूचं चामडं म्हणे, मऊ, लव असलेलं – का, तर नाचताना गिरकी छान बसते. गिरकी! ह्या माणसाला बसमधून उतरताना दांडा सोडवत नाही. आणि हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत हं, तळ मळतो. पिशवीतून न्यायचे, तिथे बदलायचे, घरी आणून तारेच्या ब्रशनं घासायचे – कुठे, ठाऊक आहे? जेवायच्या टेबलावर! सगळ्या गावाच्या पायांखालची धूळ, नाचायच्या जमिनीवर टाकतात ती पावडर, सगळं भुरुभुरु माझ्या ताटाशेजारी. शी! तेव्हापासून त्या टेबलावर घास उतरत नाही माझ्या घशाखाली.

आणि मी पाहून आलेय ना तो हॉल. वाचनालयाच्या वर. कठडा धरून धरून जिना चढले आणि दाराच्या काचेतून पाहिलं. लाकडी जमीन, मेण चोळून चोळून अशी केलीय की वरचे दिवे खाली दिसतात, आणि तिच्यावर सगळी पिकली पानं जोडीजोडीनं गरगर फिरतायत. आमचे हे कोणाबरोबर? – दातांच्या डॉक्टरणीबरोबर! जिनं ह्यांची कवळी बसवली ती! जिनं ह्यांचं बोळकं पाहिलंय, तिच्या कमरेला हात! मला अशी शिसारी आली, तिथेच पायरीवर बसले. आणि हे खाली बघतच नव्हते हो. मान वर, डोळे तिच्या तोंडावर. माझ्याबरोबर चालताना कधी असे असतात? डोळे खाली, माझ्या पायांवर.

बाथरूममध्ये पडले ना मी, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, डावा पाय बोटभर आखूड झाला – तेव्हापासून हा माणूस माझ्या तोंडाकडे बघतच नाही. पायाकडे बघतो. सावकाश, ओलं आहे, धर मला. घरभर रबरी पट्ट्या, रबरी पायपुसणी, बाथरूममध्ये तर ते फोड आलेलं हिरवं काहीतरी अंथरलंय, खालून बुळबुळीत होतं, वास मारतं. घरात राहते की टायरच्या दुकानात, तेच कळत नाही. मला चिकटवून ठेवलं जमिनीला आणि स्वतः संध्याकाळ झाली की घसरायला मोकळे! कुठे निघालात विचारलं, तर म्हणे वाचनालयात. एकदा तरी मला विचारायचं होतं. मी नाहीच म्हटलं असतं – लंगडी काय नाचणार? – पण विचारायचं तरी होतं. नाहीच म्हटलं असतं मी. पण... जाऊ द्या. तुम्ही चिकटवा. तुमच्या त्या सोल्यूशनचा वास डोळ्यांना झोंबतो, दुसरं काही नाही.

झाला एक? दाखवा. हं. आता मारा म्हणावं गिरकी! दुसरा घ्या – आणि हो, हाही जोड. पलंगाखाली ढकललेला होता, कागदात गुंडाळून. बायकी आहे, पट्टा दिसला मला. तिचाच, दुसऱ्या कोणाचा असणार? माझ्या पलंगाखाली तिचे बूट! मी काही उघडून पाहिले नाहीत, चिमटीत धरून टाकले पिशवीत. त्या पायांचा घाम कोण हाताला लावून घेणार? ह्यांनाही लावा रबर. दुप्पट. – परत तेच! बोलू नका म्हटलं ना! अहो, कशाला सोडताय तो कागद... ठेवा, ठेवा तिथे. नवेच आहेत की. लाल. एकदाही घातलेले दिसत नाहीत. आणि असे वाकडे का उभे राहिलेत? हा डावा उंच कसा? बनवणारा चुकलाय का –

ही जाडी.

ही तर तुमची. माझ्या चपलेला लावता तीच.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मघापासून? बोला ना आता, तोंडाला काय सोल्यूशन लावलंय? – हे म्हणाले? असं म्हणाले? बायकोला पडू न देता फिरवता आलं पाहिजे, तोवर सांगू नका? आणि ती डॉक्टरीण? – सरावाला? नवराही असतो तिचा तिथे? शी, शी, शी. दोघा पुरुषांनी मिळून हे उद्योग, आणि तुम्ही खुशाल रबर कापत बसलात! मी बोलू दिलं नाही म्हणे! ह्या वयात लाल बूट, कोण घालणार ते? लोक हसतील तोंडावर. जरा इकडे करा. – नाही, घालत नाहीये, नुसता बघतेय.

बसतो.

तो दुसरा राहू द्या ह्यांचा, त्याला रबर नको. हा, रबर लावलेला? नका ओढू, चामडं फाटेल. असू दे. धरणाऱ्याचा एक पाय जागेवर राहिलेला बरा. माझे गुंडाळा परत, होते तसे. पलंगाखाली ठेवून देईन, मला काही माहीत नाही. आणि एकाच बुटाला रबर कसं, म्हणून विचारायला आले हे, तर सांगा – नाही. काही सांगू नका. तेवढं छान जमतं तुम्हाला. द्या ती पिशवी इकडे.